फुगीच्या पोटातले थेंब

फार फार वर्षांपूर्वी एका हलवायाच्या घागरीत, जिलबीच्या आंबवलेल्या पिठात, फुगी नावाची खमिराची इवलीशी पेशी राहत होती. सुकाळात ती पोटात तुपाचे थेंब साठवायची, तेव्हा शेजारणी हसायच्या, "बघा बाई, लग्नघरचा डबाच जणू!"

मग पिठातला तुपातेलाचा अंश आटला आणि त्या अंशावरच टिकणाऱ्या सगळ्यांच्या कातड्या विरू लागल्या. फुगीच्या कुशीला नुकताच बाळाचा कोंब फुटला होता. त्या बाळाची कातडी तर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ!

"थेंब आज मोडले, तर उद्या काय करू?" फुगी रडकुंडीला आली.

घागरीतल्या थोरल्या काकूच्या अंगभर बाळंतपणाचे गोल वण होते, अंगापासून सुटलेल्या दर लेकरामागे एक. ती म्हणाली, "अगं वेडे, उद्यापर्यंत लेकरू तर राहू दे! थेंब पोटाची भूक भागवायला नको, लेकराचं अंग सारवायला काढ."

फुगीने मन घट्ट करून एक थेंब फोडला आणि ती बघतच राहिली. नुसता पडून असलेला तो थेंब पातळ पसरला, कुणी न सांगता बाळाकडे सरकला आणि जिथे भेग होती नेमका तिथेच बसला. मागोमाग दुसरा निघाला, तिसरा निघाला.

"आई, मी सुटलो गं!" म्हणत बाळ तरंगत गेलं.

फुगीच्या पोटात एकही थेंब उरला नाही. कुशीवर मात्र एक गोल वण उमटला होता, आणि शेजारणी गुपचूप तो बघायला येत होत्या.