चिंबोरी बेटाची विहीर

शिडांची जहाजं होती तेव्हाची गोष्ट. चिंबोरी नावाच्या चिमुकल्या बेटाच्या विहिरीचं पाणी पिऊन एका तहानलेल्या गलबतानं शत्रूला पिटाळलं. तेव्हापासून लढाऊ जहाजांना ‘चिंबोरी’ नाव मिळू लागलं.

“तुझं नाव घेऊन इतक्या नौका गेल्या, पण एक तरी फिरकली का इकडे?” कुरव पक्षी खिजवायचा. बेट हिरमुसायचं.

वर्षं लोटली. एके सकाळी ‘चिंबोरी’ नावाची पोलादी युद्धनौका आली.

“आजोबा, घागरभर पाणी द्याल?”

“अगं, तू तर यंत्रानं समुद्राचंच पाणी गोड करतेस!”

“मी आता मोडीत निघणार. माझं नाव नव्या नौकेला मिळतंय. तिचा पहिला घोट तुमच्या विहिरीचा असू दे.”

बेटाला गहिवरून आलं. “जागचं न हलणाऱ्या मला तुम्ही सातासमुद्रापार फिरवून आणलंत, पोरी. घागर कसली मागतेस? विहीरच तुमची.”