हळदतळ्यात उतरलेला पंच

हे समोर दिसतं ते हळदतळं. पाणी पिवळसर आहे ना? बाहेरचे लोक मातीचा रंग म्हणतात. आमच्याकडे वेगळं सांगतात.

फार मागं, दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा या तळ्याच्या काठी पाच पंच बसले. पलीकडच्या माळावर धनगरांचा वाडा उतरला होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांची मेंढरं गावानं आपल्या रानात खतासाठी बसवून घेतली होती. पण पाणी आटू लागलं तसे ते परके झाले. "धनगरांनी तळ्याला शिवायचं नाही," असं ठरलं. पाचांनी शपथेचा भंडारा उचलला. खंडोबाचा भंडारा उचलून खंडोबाच्याच लेकरांचं पाणी तोडलं! पाचांत सगळ्यांत आधी होकार दिला तो सटवाजीनं.

चार दिवसांत मेंढरं तहानेनं मरू लागली. लाडाई नावाची गरोदर धनगरीण रिकामी घागर घेऊन बांधावर येऊन बसे. मागत काही नसे. सटवाजीला घास गिळवेना.

तो एकेका पंचाच्या दारी गेला. प्रत्येकजण दार लोटून हळूच म्हणे, "चुकलंच रे आपलं. पण आधी दुसरं कुणी उठू दे, मग मी आहेच." असले हे शूर! आबा लोहार पंचांतला नव्हता, पण पहिल्याच दिवशी त्यानं विरोध केला होता; तो पुन्हा बोलायला उभा राहिला, तर पंचांतला पाटील हसला. "तू तर तेव्हाही नाहीच म्हणत होतास. तुझं काय ऐकायचं?"

तेव्हा सटवाजीनं भरदुपारी तळ्याकाठी गाव जमवला.

"हो म्हणणारा मी होतो," तो म्हणाला. "तो हो मी मागं घेतोय."

"भंडारा उचललायस! देवाचा कोप होईल," पाटील ओरडला.

"होऊ दे. एकट्या माझ्यावर होऊ दे."

त्यानं मूठभर भंडारा घेतला, छातीभर पाण्यात शिरला आणि मूठ उघडली. चौघे पंच काठावरून तो कधी बुडतो याची वाट बघत राहिले. तो बुडला नाही. सगळं तळं मात्र पिवळंधमक झालं म्हणे. त्यानं लाडाईची घागर भरली आणि स्वतःच्या खांद्यावरून माळापर्यंत नेली.

मग चौघेही पुढं सरसावले. "आमच्याही मनात हेच होतं," म्हणाले. पण त्यांच्या तळहातांवरची शपथेच्या भंडाऱ्याची हळद मरेपर्यंत निघाली नाही. राखेनं घासली, दगडानं घासली. लग्नाकार्यातही बिचारे हात उपरण्यात लपवून जेवायला बसायचे.

तेव्हापासून इथली रीत आहे: गावानं ठरवलेलं मोडायचं, तर तेव्हा हो म्हणालेल्यानंच या पाण्यात उतरून तसं बोलायचं.

आजही रीत तीच आहे. परवाच मधल्या वस्तीची शाळेची वाट बंद करायचा ठराव झाला. पोरं ओढ्यातून जातात. चुकलं हे सगळ्यांना कळतं, चहाच्या टपरीवर सगळे बोलतातही. आणि उतरायचंच म्हटलं तर तळ्यात, बघा ना, आता पाणी जेमतेम गुडघाभर आहे.