दोन्ही लिफ्ट एकदम

थोरला भाऊ, दादा, शेवटचं काय बोलला, हे रोहिदासला कुणीच सांगितलं नाही. दादा ऑफिसातच वारला, त्याला तेरा दिवस झाले होते. रोहिदास त्याच इमारतीत लिफ्टची दुरुस्ती करायचा.

दादा क्लाउडवरच्या सर्व्हरांच्या अपडेटचं वेळापत्रक लावायचा. एक सर्व्हर अपडेटसाठी बंद केला की दुसरा चालू ठेवायचा, कारण त्यांवर डायलिसिसच्या पेशंटांची नोंदणी चालायची. नवे केंजळेसाहेब म्हणाले, "सोमवारी दहाला सगळे एकदम घ्या. लवकर उरकेल."

"साहेब, पेशंट खोळंबतील," दादाची सहकारी तनुजा म्हणाली.

"अर्ध्या तासानं काही बिघडत नाही."

दारापाशी उभ्या रोहिदासच्या डोक्यात तिडीक गेली.

सोमवारी साडेनऊला साहेब आले, तर रोहिदासने दोन्ही लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या. ऑफिस नवव्या मजल्यावर.

"अरे, एक तरी चालू ठेवायचीस."

"ठेवतोच दरवेळी. पण तुम्ही म्हणालात, एकदम घेतलं की लवकर उरकतं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे, साहेब."

साहेबांनी जिन्याकडे पाहिलं. मग त्यांनी तनुजाला फोन लावला. "जुनंच वेळापत्रक चालू द्या. वर आलो की सही करतो."

रोहिदासने एक लिफ्ट सुरू केली, साहेबांना वर नेलं आणि तनुजाने कागद पुढे करताच खिशातलं पेन उघडून साहेबांच्या हातात दिलं.