बेगडाला बेगड म्हनलं

बेगडी म्हनून नाक मुरडायला त्या राजगुरूचं काय जातंय! खजिन्याच्या दारावरचं अक्षर खोटं हाय म्हनं, खरवडून काढा म्हनं! आलास लगेच खुरपं घिऊन. आधी ऐक.

एका राज्यात राजाला सोन्याची हाव सुटली. त्यानं मांत्रिकाचा खजिना लुटून आनला. मांत्रिकानं शाप दिला, सोन्याला हात लावंल त्यो दगड. सटवाजी चिताऱ्याची बायकू तानी वाड्यात झाडलोट करायची. पडलेली मोहर उचलाया वाकली, ती वाकल्या जागी दगड झाली.

सटवाजीचा पाय घरात ठरंना. तडक मांत्रिकाचा डोंगर चढला.

"माझी बायकू सोड."

"कामं तीन," मांत्रिक म्हनला. "जागत्या खारीच्या शेपटीचा कुंचला आन. रडत्या बाभळीचा डिंक आन. मंग खजिन्याच्या दारावर सोन्यागत चमकनारं अक्षर काढ. पर अक्षर खरं पायजे. खोटं निघालं, तर तूबी दगड. ते चमकतंय तवर शाप बंद."

शिव्या देत मागं धावनाऱ्या सटवाजीला खार म्हनली, "केस देते, पर शिव्या आवर." सटवाजीनं दात आवळले. बाभूळ म्हनली, "काट्यापायी माझ्या सावलीला कुनी बसत न्हाय. बस जरा." त्यो काट्यांवर बसला. बाभूळ हरखून रडली, डिंक वघळला.

आता सोन्याला हात लावावा तर दगड. मंग त्यानं बेगड घेतला. पितळ कुटून केलेलं, फुंकरीनं उडनारं पान. दारावर डिंकानं 'सोनं' लिवलं आनि वल्यावरच पान दाबलं. पान बुडालं, काळवंडलं. पायाची बोटं दगड झाली.

दाराम्होरं बसलेली एक टिटवी वराडली, "आरं येड्या! बेगडानं सोनं लिवतोस? खोटं न्हाय तर काय! आनि डिंक वला हाय. बोटाला चिकटंल पर भिजवनार न्हाय, तवा पान ठेव."

"ऊन चाललंय, भवाने!"

"जाऊ दे. थांब."

सटवाजी थांबला. मनगट चावत थांबला. मंग नव्या डिंकावर पान ठेवलं, फाटलं तिथं पितळंची पूड भुरभुरली, आनि बेगडानं लिवलं, 'बेगड'.

अक्षर लखलखलं. बोटं सुटली. तानी कंबर धरून उभी ऱ्हायली.

"लई लवकर आलासा," ती म्हनली. "पाठ गेली माझी."

राजानं दाराला कुलूप घातलं आनि हाव सोडली. राज्य सुखानं नांदलं.

पर पितळ हाय त्ये. वारं लागलं की हिरवं पडतं, मंग काळं. गडबडीत सटवाजीनं वरनं वारं अडवनारं रोगन लावलंच न्हाय. 'ब'च्या पोटातली रेघ हिरवी झालीय. सकाळधरनं तानीची करंगळी वाकंना. सटवाजीला आता चढवत न्हाय; शिडी धरून उभा हाय, तुझी वाट बघत.

खुरपं टाक खाली. रोगनाचं भांडं उचल. चढ शिडीवर, आनि आत्ताच्या आत्ता हात मार.