धुरपाणीचं बिनशिवेचं पाणी

फार वर्षांमागं आजचं धुरपाणी गाव नव्हतंच. दोन डोंगरांच्या मध्ये नुसता माळ होता आणि माळावर एक झरा होता. एका अंगाला करंजोळ, दुसऱ्या अंगाला शेरेवाडी. झरा आमचा, असं दोन्ही गावं म्हणायची. पाऊस बरा होता तोवर ते भांडण तोंडाचंच राहिलं. मग लागोपाठ तीन वर्षं आभाळ कोरडं गेलं, विहिरी आटल्या, आणि माणसं काठ्या घेऊन झऱ्यावर उभी राहिली.

तेव्हा जाणत्यांनी जुनी रीत काढली. गावाची वेस राखणाऱ्या वेसकराला शीव ठाऊक असते. त्यानं शिवेवरचं मातीचं ढेकूळ डोईवर घेऊन चालायचं. बोलायचं नाही, मागं बघायचं नाही. त्याचा पाय पडेल ती शीव. एकदा ढेकूळ चाललं की पुन्हा उचलायचं नाही. जो उचलेल त्याच्या वंशाला मातीच खाते, असं म्हणत.

करंजोळचा वेसकर मरून गेला होता. मागं होती त्याची बायको धुरपा. नवऱ्याला भाकरी पोचवता पोचवता तिनं शिवेचा दगड न् दगड ओळखला होता. त्यात सासर करंजोळ, माहेर शेरेवाडी. दोन्ही गावांनी तिला मान्य केलं.

करंजोळचे पाटील म्हणाले, "धुरपे, भाकर कुणाची खाल्लीस ते ध्यानात ठेव."

शेरेवाडीचे पाटील गोड हसले. "लेकी, माहेराकडं बघ गं."

"आज लेक झाले व्हय?" धुरपा म्हणाली. "काल झऱ्यावर आले तवा 'लांब हो' म्हणत हुता."

खरंच होतं ते. झरा कुणाचाही ठरो, धुरपाच्या माणसांनी त्याला हात लावायचा नाही. घागर ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. आदल्या दिवशी ती उन्हं कलेपर्यंत उभी राहिली आणि रिकामी घागर घेऊन परतली. घरात बाळंतीण सून होती.

ढेकूळ डोईवर आलं. धुरपा दगडादगडानं चालत झऱ्याशी पोचली. डावीकडून गेली तर झरा एकाचा, उजवीकडून गेली तर दुसऱ्याचा. ती सरळ पाण्यात उतरली. पाणी घोट्याएवढं. पण असं म्हणतात, तिच्या पायाखालचा तळ खाली खाली सरकत गेला आणि पाण्यानं तिला गळ्यापर्यंत घेतलं. मग डोकंही बुडालं. पाणी तांबूस झालं.

वर आली तेव्हा डोई रिकामी.

"अगं, ढेकूळ कुठाय?" पाटील ओरडले.

"पाण्याला इचारा."

"मग शीव कुठनं गेली?"

"डोईवर माती हुती तवर शीव हुती, पाटील. हितं आता कुणाचीच न्हाई. मग मला लांब हो म्हननार कोन?"

आणि तिनं आपली घागर आपल्या हातानं भरली.

दुसरं ढेकूळ उचलायची छाती कुणाची झाली नाही. तळ सरकला तो सरकलाच, त्याचं कुंड झालं, आणि ते पुढं कधी आटलं नाही असं म्हणतात. त्या बिनमालकीच्या पाण्याकाठी आधी धनगर टेकले, मग मंगळवारचा बाजार भरू लागला, मग घरं उठली. त्याचंच हे धुरपाणी.

आजही त्या कुंडावर "कुणाची गं तू?" असं विचारायचं नसतं. एखादी नवी सून चुकून विचारते. मग बाकीच्या बाया हसतात, आणि तिनं आपली घागर बाजूला ठेवून, जिला विचारलं तिची घागर भरायची, आणि आपल्या हातानं तिच्या डोईवर चढवून द्यायची.