राजाला न वाकलेली तांब्याची कांब

रणधवल राजाचे नवे घंगाळ चेपले, तेव्हा मी न्हाणीघरात नव्हते. त्यामुळे राजा किती उंच उडाला, हे खात्रीने सांगता येत नाही. सेवक म्हणतात, पुरुषभर. सेवकांच्या सांगण्यातून निम्मे वजा करावे. घंगाळ मात्र निश्चित चेपले होते: दोघांनी कड्या धरून उचलताच ते चुरमडले आणि कढत पाणी राजाच्या पायांवर आले!

खरे तर दोष राजाचाच होता. तांबट आळी राजवाड्याला लागून होती. तांब्याच्या पत्र्याला भांड्याचा आकार आला, तरी तांबट थांबत नसत. गुळगुळीत हातोडीने सबंध भांड्यावर ठोके घालत बसत. याला ते मठार म्हणत. हा मठार नेमका राजाच्या वामकुक्षीच्या वेळी रंगात येई! "आकार आला ना? मग नक्षीसाठी माझी झोप का मोडता?" असे म्हणून राजाने मठारावरच बंदी घातली होती.

आता तोच राजा दरबारात गरजला, "लखू तांबटा, तांब्यात शिसे मिसळलेस! सारी आळी गाव सोडून चालती होईल!"

लखूने हात जोडले. त्याची मुलगी तुळसा पुढे झाली.

"तांबे चोख आहे, महाराज. मठार पडला नाही, म्हणून मऊ राहिले."

"मला शिकवतेस? लोखंड कडक, म्हणून त्याची पहार. कथील झटकन वितळते, म्हणून त्याची कल्हई. प्रत्येक धातूचा स्वभाव ठरलेला! तेच तांबे आज लोणी आणि उद्या दगड, असे कधी असते?"

"असते की!"

दरबारात कुणाला तरी ठसका लागला.

"असते? मग दाखव! तांब्याची एकच कांब आण. ती तू नुसत्या हातांनी वाकवायचीस आणि लगेच तीच मला वाकवता येऊ नये. दरबारात हातोडी नाही, विस्तव नाही! मी दर दसऱ्याला पहारी वाकवतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, महाराज. त्या सरळ करता करता लोहारआळीला दिवाळी उजाडते."

"उद्या कांब घेऊन ये!" राजा ओरडला. "नाहीतर बिऱ्हाडे बांधा!"

घरी लखूने कपाळाला हात लावला. "पोरी, काय बोलून बसलीस!"

"बाबा, उसासे टाकताय, त्यापेक्षा भाता मारा. वारा तेवढाच लागतो."

तिने करंगळीएवढ्या जाडीची कांब लालभडक तापवली, पाण्यात बुडवली आणि शांतपणे झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तुळसाने कांब गुडघ्यावर ठेवली, दोन्ही टोके ओढली आणि घोड्याच्या नालेसारखा बाक केला!

"घ्या, महाराज. मी वाकवली तिथेच आता उलटी वाकवा."

"ही पळवाट आहे!" प्रधान म्हणाले. "सरळ करणे म्हणजे वाकवणे नव्हे!"

"गप्प बसा, प्रधानजी! हे तर त्याहून सोपे!" राजाने बाह्या सारल्या.

त्याने कांब ओढली. चेहरा तांब्यासारखा झाला, मुकुट कानावर आला. बाक तसाच! मग हैबती पैलवानाने एक टोक धरले, राजाने दुसरे. दोघे सिंहासनाला पाय रोवून मागे रेलले. कांब घामाने निसटली, राजा पैलवानावर आणि पैलवान प्रधानांवर! चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब पोट धरून हसत होत्या.

"चेटूक!" राजा खालूनच ओरडला.

"चेटूक कसले? तांबे तापवले की मऊ पडते, मार बसला की कडक होते. वाकवणे हाही मारच! एका वाकवण्याने ही गत, तर सबंध मठाराने भांडे किती टणक होत असेल?"

मग राजाच्याच परवानगीने शेगडी आणि भाता आला. तुळसाने कांब तापवली, विझवली, हलक्या हातांनी सरळ केली आणि पुन्हा एकदा तापवून-विझवून राजापुढे धरली.

"म्हणजे ठोकावे तितके हट्टी होते?" राजा चकित झाला.

"हे मला लग्नापासून ठाऊक आहे!" पडद्याआडून आवाज आला. "तुळसे, स्वारींना किती तापवावे, तेवढे सांग!"

राजा आधी लाजला, मग इतका हसला की मुकुट पुन्हा कानावर घसरला. "जिंकलीस! आळी राहील. माग, सोन्याचे कडे देतो!"

"सोने फार मऊ, महाराज, लगेच पोचे येतात. त्यापेक्षा आपले शयनगृह वाड्याच्या पलीकडच्या अंगाला हलवा. आळीपेक्षा पलंग हलका!"

पलंग वाजतगाजत हलला, मठार पुन्हा दणाणू लागला आणि राजवाड्याची सगळी घंगाळे मठारासाठी लखूकडे आली.

ती सरळ केलेली कांब राजाने उशाशी ठेवली होती. एका सकाळी ती मधोमध वाकलेली सापडली. राजा म्हणे, मी वाकवली. राणी म्हणे, मी. तापवलेली कांब दोघांपैकी कुणालाही वाकली असती. आळीच्या तोंडाशी ती टांगलेली आहे. वाकवली कुणी, ते अद्याप ठरलेले नाही.