अचूक भाकितांचा फळा

ज्या काळी पुस्तके हाताने लिहिली जात आणि कागद धान्याइतक्या काटकसरीने वापरला जाई, त्या काळी एका नगरात एक ग्रंथपाल राहत होता. नगराच्या ग्रंथालयाची सारी व्यवस्था त्याच्याकडे होती. लोक त्याला आदराने शास्त्रीबुवा म्हणत.

त्या नगरात एक प्रथा होती. वर्षभरात मुलांसाठी जी नवी पुस्तके लिहिली जात, त्यांतील सर्वोत्तम पुस्तकाला वसंतपंचमीच्या दिवशी राजसभेत चांदीची लेखणी दिली जाई. दूरदूरच्या गावांहून लेखक आपापल्या पुस्तकाची एकुलती एक प्रत पाठवीत. ती आधी तीन परीक्षकांच्या घरी फिरे आणि शेवटी ग्रंथालयात येई. परीक्षकांमध्ये एक वैयाकरण होते, एक निवृत्त सेनापती होते आणि राजकन्येला शिकवणाऱ्या एक वृद्ध पंडिता होत्या. निर्णय ते तिघे वसंतपंचमीच्या आदल्या दिवशी एकत्र बसून घेत.

एके वर्षी, वसंतपंचमीला दीड महिना असताना, एका तेल्याने ग्रंथपालाला सहज विचारले, "शास्त्रीबुवा, तुम्ही तर सगळीच पुस्तके वाचता. यंदा लेखणी कोणाला मिळणार?"

ग्रंथपालाने गंमत म्हणून ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर तीन नावे खडूने लिहिली. त्यांतल्याच एका पुस्तकाला लेखणी मिळाली. पुढच्या वर्षीही तसेच झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही. अकरा वर्षे झाली, फळा एकदाही चुकला नाही.

"आमच्या जोश्याने सांगितलेला पाऊस पडत नाही," तेली चारचौघांत म्हणे, "पण शास्त्रीबुवांनी लिहिलेली लेखणी पडते. जोश्यालाच यांच्याकडे शिकायला धाडू या का?"

लोक हसत. ग्रंथपाल मान खाली घालून 'छे, छे' म्हणे, पण त्या दिवशी घरी जाताना तो बाजारातून लांबचा रस्ता धरी.

फळ्यावर सर्वांचा असा विश्वास बसल्यावर नगरातले लेखनिक व्यवहारी बनले. निकालाची वाट पाहण्यापेक्षा फळ्यावरच्या तीन पुस्तकांच्या नकला आधीच करून ठेवल्या, तर वसंतपंचमीलाच त्या घरोघरी जातील, असे त्यांनी ठरवले. नकलांना कागद हवा. नवा कागद जुन्या कागदाच्या लगद्यातून होत असे. म्हणून फळा लिहिला गेला, की दुसऱ्या दिवशी कागद करणारा कारागीर बैलगाडी घेऊन येई आणि फळ्यावर नसलेली पुस्तके आपल्या हौदात भिजवायला घेऊन जाई.

पहिल्या वर्षी ग्रंथपालाला याचे फार वाईट वाटले. परंतु ज्यांना लेखणी मिळणार नाही ती पुस्तके ठेवायची कुठे, असे सगळेच म्हणत होते. आणि दोन-तीन वर्षांत तोही तसेच म्हणू लागला.

या अकरा वर्षांत त्याचे वाचन बदलले होते, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. पूर्वी पुस्तक उघडले, की तो त्यात हरवून जाई. आता पुस्तक उघडताच त्याच्यासमोर तीन परीक्षक येऊन बसत. वैयाकरणांना लांब, डौलदार वाक्ये लागतात. सेनापतींना युद्ध लागते. पंडितांना चौथ्या प्रकरणाच्या आत कोणीतरी वृद्ध माणूस मरावा लागतो आणि शेवटी सूर्योदय व्हावा लागतो. असे ठोकताळे त्याने मनाशी पक्के केले होते. त्यांत बसणारे पुस्तक तो उजव्या हाताला ठेवी, न बसणारे डाव्या हाताला.

बाराव्या वर्षी एकतीस पुस्तके आली. त्यांत एक पुस्तक अगदी लहान होते. दोन दिवसांच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या, घोंगड्या विणणाऱ्या बाईने ते पाठवले होते. शाई तिने जांभळांच्या रसाची केली होती. पुस्तकाचे नाव होते 'झोप न येणारा डोंगर'.

त्यात एका डोंगराला युगानुयुगे झोप नव्हती. ढग त्याच्यावर पांघरूण घालून पाहतात, झरे त्याला अंगाई म्हणतात, मेंढ्या त्याच्या अंगावरून एकेक करून चालत जातात. पण त्याचे डोळे मिटत नाहीत. शेवटी एक लहान मुलगी त्याला विचारते, "तुला भीती कसली वाटते?" डोंगर म्हणतो, "मी झोपलो आणि तुम्ही सगळे माझ्या अंगावरून घरंगळलात, तर?" तेव्हा ती मुलगी त्याच्या कानाशी जाते, एकच वाक्य सांगते, आणि डोंगर झोपतो.

ते वाक्य वाचून ग्रंथपाल एकटाच मोठ्याने हसला. मग त्याला पुढच्या ओळी दिसेनात. त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतले. पुष्कळ वर्षांत त्याने असे केले नव्हते.

दुपारी जेवताना त्याची पत्नी म्हणाली, "आज भाजीत मीठ नाही, तरी तुम्ही बोलला नाहीत. काय झाले आहे?"

"एक पुस्तक वाचले," तो म्हणाला. "तसले पुस्तक मी आजवर वाचलेले नाही."

"मग आज फळ्यावर पहिले नाव त्याचेच."

"छे. त्याला लेखणी मिळणार नाही. वाक्ये चार-चार शब्दांची आहेत. युद्ध नाही, कोणी मरत नाही. सूर्योदय व्हायचा, तिथे डोंगर झोपतो."

"पण तुम्हांला आवडले ना?"

"फळ्यावर मला काय आवडले ते लिहायचे नसते. काय जिंकेल ते लिहायचे असते."

पत्नीने त्याच्या पानात मीठ वाढले. "मग तुम्हांला आवडलेले लिहायला दुसरा फळा कुठे आहे?" तिने विचारले. तो भात कालवू लागला. "बरे, निदान मला तरी वाचून दाखवा."

"आज वेळ नाही," तो म्हणाला. "लोक फळ्यापाशी जमू लागले असतील."

लोक खरोखरच जमले होते. ग्रंथपालाने पहिले नाव लिहिले, 'राजहंसाची दिग्विजययात्रा'. त्यात तीन युद्धे होती आणि तिसऱ्या प्रकरणात आजोबा वारत होते. दुसरे नाव त्याच धाटणीच्या एका पुस्तकाचे लिहिले. तिसऱ्या ओळीशी त्याचा हात थांबला. तिसरी जागा मोकळी होती. तिथे डोंगराचे नाव लिहिले असते, तरी भाकीत खोटे ठरणार नव्हते. कारण पहिल्या दोहोंपैकी एक जिंकणार हे त्याला ठाऊक होते.

"काय बुवा," मागून तेली म्हणाला, "यंदा अडलात वाटते? की वय झाले?"

लोक हसले. ग्रंथपालाच्या मनात आले, की घोंगडीवालीच्या चार शब्दांच्या वाक्यांच्या पुस्तकाचे नाव इथे लिहिले, तर उद्या हेच लोक म्हणतील की बुवांची नजर गेली. त्याने तिसऱ्या ओळीत वैयाकरणांच्या एका शिष्याच्या पुस्तकाचे नाव लिहिले आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराची गाडी आली. पुस्तके भरता भरता कारागीर एका पुस्तकाशी थबकला. "बुवा, हे जांभळ्या अक्षरांचे तुमच्या आसनाशेजारी वेगळे ठेवले होते. हेही न्यायचे का?"

पुस्तक मागे ठेवले, तर ग्रंथपालालाच आपल्या फळ्याविषयी शंका आहे असा त्याचा अर्थ झाला असता. आणि कारागीर बोलका होता.

"फळ्यावर आहे का ते?" ग्रंथपालाने विचारले.

"नाही."

"मग ने."

वसंतपंचमीला राजहंसाच्या पुस्तकाला लेखणी मिळाली. ग्रंथपालाच्या नावाने टाळ्या वाजल्या. दुपारच्या पंक्तीत तो निवृत्त सेनापतींच्या शेजारी बसला होता. सेनापतींनी श्रीखंडाचे बोट चाटले आणि हळूच विचारले, "शास्त्रीबुवा, ते डोंगराचे पुस्तक तुम्हांला का नाही हो आवडले?"

ग्रंथपालाच्या हातातला घास तसाच राहिला. "तुम्हांला आवडले होते?"

"मला? मी आयुष्यभर सैन्य पुढे न्यायच्या काळजीने जागलो. तो डोंगर म्हणजे मीच, असे वाटले मला. पण फळ्यावर त्याचे नाव नव्हते. म्हटले, बुवांनी शेकडो पुस्तके वाचली आहेत. आपलेच म्हातारपणी मन मऊ झाले असेल."

पलीकडून वैयाकरण म्हणाले, "मी माझ्या सगळ्या शिष्यांना सांगणार होतो, की वाक्य इतके छोटे असूनही इतके भरलेले असू शकते. पण फळा पाहिला आणि गप्प बसलो. शिवाय तिथे माझ्याच शिष्याचे नाव होते. विरोध केला असता, तर त्या पोराला काय वाटले असते?"

पंडिता तर हसूच लागल्या. "म्हणजे आपण तिघेही? मला वाटले, युद्ध नसलेले पुस्तक सेनापतींना कसे रुचेल. म्हणून मी बोललेच नाही. आणि खरे सांगू का, गोष्टीत दरवर्षी कोणीतरी मरते, याचा मला अगदी कंटाळा आला आहे. पण बुवा तशीच पुस्तके निवडतात. म्हटले, त्यांत काहीतरी असेल."

ग्रंथपाल पानावरून उठला. अकरा वर्षे तो त्या तिघांची मने ओळखत आहे असे समजत होता, आणि अकरा वर्षे ते तिघे त्याचा फळा वाचून मत देत होते.

तो तसाच कारागिराच्या अंगणात गेला. तिथे दोरीवर ओले कागद वाळत होते.

"ते जांभळ्या अक्षरांचे पुस्तक," त्याने विचारले, "राहिले आहे का कुठे?"

"बुवा, त्याला महिना होऊन गेला. केव्हाच त्याचा लगदा झाला," कारागीर म्हणाला. "आणि फार त्रास दिला त्याने. तीनदा पाणी बदलले, तरी रंग जाईना. राजहंसाच्या नकला ज्या कागदावर केल्या ना, तो उजेडात धरून पाहा. अजून जांभळट दिसतो."

ग्रंथपालाने परत जाऊन तिन्ही परीक्षकांना विचारले, की मुलीने डोंगराला नेमके काय सांगितले होते. वैयाकरणांना वाक्याची ठेवण आठवत होती, शब्द आठवत नव्हते. सेनापतींना आपण हसलो एवढे आठवत होते. पंडितांना आईची आठवण झाली होती. आणि ग्रंथपालाला स्वतःला, कितीही आठवून पाहिले तरी, आपण उपरण्याने डोळे पुसले ते आठवे. त्याआधी काय वाचले ते आठवेना.

तेव्हा तो दोन दिवस चालून त्या खेड्यात गेला. घोंगड्या विणणारी बाई मागावर बसली होती. त्याने जे घडले ते काही न लपवता तिला सांगितले. तिने हातातला धोटा बाजूला ठेवला.

"तुम्हांला आवडले होते का?" तिने विचारले.

"फार आवडले होते."

"मग कोणाला सांगितलेत?"

"घरी पत्नीला. तेही जेवता जेवता."

बाईने धोटा पुन्हा हातात घेतला. मग ग्रंथपाल हात जोडून म्हणाला, "बाई, ती गोष्ट पुन्हा लिहा. कागद मी देतो. नकला मी स्वतःच्या हाताने करीन."

"बाकीची लिहीन हो," ती म्हणाली. "ढग, झरे, मेंढ्या, ते सगळे माझेच आहे. पण ते शेवटचे वाक्य माझे नव्हते. माझी लेक सहा वर्षांची असताना झोपेच्या गुंगीत ते बोलली होती. मी लगेच एका कपट्यावर लिहून ठेवले. तोच कपटा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवला. आता कागदावर उतरले आहे, विसरले तरी चालेल, असे मला वाटले."

"आणि तुमची लेक?"

"ती आता वीस वर्षांची आहे. तुम्ही यायच्या आधी, निकालाची बातमी आली आणि हरलेली पुस्तके हौदात जातात हे कळले त्या दिवशीच, मी तिला विचारले. तिला आठवत नाही. सहा वर्षांचे असताना आपण काय बोललो, ते कोणाला आठवते?"

ग्रंथपालाने मान खाली घातली. "तुमच्या मनाने दुसरे एखादे वाक्य घालून नाही का चालणार?"

"शास्त्रीबुवा, तुम्ही ते वाचले होते ना," बाई शांतपणे म्हणाली. "मग तुम्हीच सांगा, चालेल का?"

चालणार नाही हे त्याला ठाऊक होते. तो परत आला आणि त्याने फळा पुसून टाकला. पुढच्या वर्षी लोक जमले, तेव्हा तो म्हणाला, "लेखणी कोणाला मिळेल ते मला सांगता येणार नाही. मला काय आवडले ते विचारा. प्रत्येक पुस्तकाविषयी सांगतो." लोकांना त्यात गंमत वाटली नाही. ते जोश्याकडे गेले. जोशी पुस्तके न वाचताच नावे सांगू लागला, आणि त्याचीही काही खरी ठरली.

फळ्यासमोर आता फक्त मुले येऊन बसत. ग्रंथपाल त्यांना झोप न येणाऱ्या डोंगराची गोष्ट सांगे. ढगांपर्यंत, झऱ्यांपर्यंत, मेंढ्यांपर्यंत ती नीट जाई. मुलगी डोंगराच्या कानाशी जाई आणि तिथे तो थांबे.

"मग ती काय म्हणाली, आजोबा?" मुले विचारीत.

"मला माहीत होते," तो म्हणे. "मी वेळेवर कोणाला सांगितले नाही."

मुले थोडा वेळ वाट पाहत आणि मग खेळायला निघून जात. त्या गोष्टीतला डोंगर अजून जागाच आहे.

यातून घ्यायचे तात्पर्य असे: जे आपल्या मनाला भिडले ते वेळेवर आणि निर्भयपणे सांगावे. दुसऱ्यांना काय आवडेल याचा नुसता अंदाज बांधत राहिलो, तर त्यांना काय आवडले असते, हे आपल्याला कधीच कळत नाही.